बिऱ्हाड पाठीवर, न्हाणीचं काय?

तंबूत राहणारी माणसं महाराष्ट्रात दोन प्रकारची आहेत. पहिला प्रकार शनिवार-रविवारी पवना धरणाच्या काठावर किंवा भंडारदऱ्याला दिसतो. रंगीत तंबू, शेकोटी, सोबत गाणी. या लोकांसाठी हल्ली शहरातल्या दुकानांत एक वस्तू मिळते. वीस लिटर पाणी मावेल अशी काळी पिशवी, खाली नळी, नळीला झारीसारखं तोंड. पिशवी भरून उन्हात ठेवायची, पाणी कोमट झालं की झाडाला टांगायची आणि खाली उभं राहून अंघोळ करायची. जोडीला एक उभा, घडी होणारा, चारी बाजूंनी बंद असा अंघोळीचा तंबू. दोन दिवसांच्या हौसेसाठीसुद्धा माणसाला अंघोळ लागते आणि तिला आडोसा लागतो, हे त्या दुकानदाराला बरोबर समजलेलं आहे.

दुसरा प्रकार दसरा-दिवाळीनंतर दिसू लागतो. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव या भागांतून ऊसतोडणीच्या टोळ्या निघतात आणि पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, कारखान्यांच्या आसपास कोप्या टाकून पाच-सहा महिने राहतात. यांचा आकडा आठ-दहा लाखांच्या घरात सांगितला जातो. त्यांच्या कोपीला ताडपत्री असते, तीन दगडांची चूल असते, बैलांना दावण असते. बाईला अंघोळीची जागा नसते.

मैत्रिणींनो, या लेखात मला घरच्या घरी बनवता येणाऱ्या, उचलून नेता येणाऱ्या न्हाणीविषयी लिहायचं आहे. विषय किरकोळ वाटेल. हिंसा, मालमत्तेचा हक्क, समान वेतन हे आपले मोठे विषय, आणि ही बाई बांबू, गोण्या आणि तोटीबद्दल काय लिहिते आहे, असंही कुणाला वाटेल. पण गेल्या काही हंगामांत आमच्या गटाने कोप्यांवर जाऊन जे पाहिलं, ऐकलं आणि करून बघितलं, त्यावरून माझं मत ठाम झालं आहे. अंघोळीचा प्रश्न स्वच्छतेपाशी संपत नाही. बाईच्या शरीरावर हक्क कुणाचा, तिच्या वेळेवर हक्क कुणाचा आणि तिच्या श्रमाची किंमत कोण मोजणार, या तिन्ही प्रश्नांची गाठ तिथे पडते.

न्हातीधुती, पण कुठे?

आपल्या भाषेत वयात आलेल्या मुलीला ‘न्हातीधुती’ म्हणतात. पाळी सुरू झाली की ‘न्हाण आलं’ म्हणतात. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की ती पुन्हा स्वयंपाकाला ‘चालते’. बाळंतिणीचं न्हाणं, सणाचं न्हाणं, सुतकाचं न्हाणं. बाईने अंघोळ कधी करायची, कोणत्या दिवशी नाही करायची, कुणाच्या आधी करायची, हे सगळं धर्माने आणि रूढीने तपशिलात सांगून ठेवलं. कुठे करायची, पाणी कोण आणणार, तेवढं मात्र कुणीच सांगितलं नाही. पुरुष कॅनॉलवर, विहिरीच्या मोटारीखाली, हातपंपावर चड्डीवर उभा राहून दिवसाढवळ्या अंघोळ करतो. त्याकडे कुणी मान वळवून पाहत नाही. बाईने तेच करायचं म्हटलं तर तिला लुगड्यासकट अंघोळ करावी लागते, आणि तीही अंधारात.

कोपीवरच्या बाईचा दिवस कसा असतो ते बहुतेकींना माहीत आहे, तरी अंघोळीच्या अंगाने एकदा पाहू. पहाटे तीन-चारला उठायचं. स्वयंपाक करून, भाकरी बांधून फडात जायचं. नवरा ऊस तोडतो, बाई तोडते, साळते, मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. उसाच्या पानांची कूस अंगात शिरते, पाचट कापत जातं, घामावर धूळ बसते. ज्यांनी एक दिवसही फडात काम केलं आहे त्यांना विचारा, संध्याकाळी अंगाची कशी आग होते. त्या वेळी अंगावर पाणी घेणं ही चैन नाही, औषध आहे. पण परत येईपर्यंत दिवस मावळलेला असतो. कधी रात्री ट्रक भरायला बोलावणं येतं. मग पाणी आणायचं, चूल पेटवायची, पोरांना खाऊ घालायचं. सगळं निजानीज झाल्यावर दोन कोप्यांच्या सांदीत, दुसऱ्या बाईला लुगडं धरून उभं करायचं आणि चार तांबे अंगावर ओतून घ्यायचे. बहुतेकी तेही करत नाहीत.

एका कोपीवर मी विचारलं, अंगभर, मोकळेपणाने, कपडे काढून अशी अंघोळ शेवटची कधी केली? बाया हसायला लागल्या. एक म्हणाली, “ताई, ती तं दिवाळीला. गावाकडं.” आम्ही फेब्रुवारीत बोलत होतो.

पाळीच्या दिवसांत काय होतं हे सांगायला नको. कापड धुवायला आडोसा नाही, म्हणून ते नीट धुतलं जात नाही. वाळवायला ऊन आहे, पण उन्हात टाकायची सोय नाही, म्हणून कोपीच्या आत, दुसऱ्या कपड्याखाली, दमट वाळतं. शौचाला जागा नाही म्हणून बाया दिवसभर पाणी कमी पितात. खाडा पडला तर पैसे कापले जातात, म्हणून दुखणं अंगावर काढलं जातं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय काढलेल्या बायांचा प्रश्न वर्तमानपत्रांतून गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी झाली आणि त्यांत १३ हजारांहून जास्त बायांचं गर्भाशय काढलेलं आढळलं. यामागे कारणं अनेक आहेत. कर्करोगाची भीती घालणारे खासगी दवाखाने, खाड्याची धास्ती, लवकर झालेली लग्नं आणि बाळंतपणं, सरकारी दवाखान्याचं अंतर. अंघोळीची सोय नाही म्हणून गर्भाशय काढली गेली असं मी म्हणत नाही. पण ज्या बाईला आपलं अंग स्वतः नीट बघायला, धुवायला दहा मिनिटं एकांत मिळत नाही, तिला त्या अंगाबद्दल दुसऱ्याने काहीही सांगितलं तरी खरं वाटतं. एवढं मी नक्की म्हणते.

संडास मोजला, न्हाणी नाही

संडासाबद्दल गेल्या काही वर्षांत बोललं गेलं. २ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत अभियान सुरू झालं, घरटी १२,००० रुपयांचं अनुदान आलं. आपल्या बाजूने मुंबईत २०११ मध्ये ‘राइट टू पी’ची मोहीम उभी राहिली आणि सार्वजनिक मुताऱ्यांत बायांकडूनच पैसे का, हा प्रश्न विचारला गेला. हे सगळं झालं ते चांगलंच. पण त्या अनुदानात न्हाणीघर धरलेलं नव्हतं. २०११ च्या जनगणनेने अंघोळीच्या सोयीचा प्रश्न विचारला होता. तेव्हा देशातल्या शंभरांपैकी सुमारे ५८ घरांत अंघोळीची काहीतरी सोय होती, आणि त्यातही १६ घरांत ती म्हणजे छप्पर नसलेला नुसता आडोसा. उरलेल्या बेचाळीस घरांतल्या बाया कुठे न्हात होत्या, याची चर्चा मी तरी कुठे वाचली नाही.

शिवाय ही मोजणी घराची आहे. सरकारने गावात बांधलेला संडास वर्षातले सहा महिने कुलूपबंद असतो, कारण घर कारखान्यावर गेलेलं असतं. स्थलांतर करणाऱ्या बाईची सोय जमिनीत पुरून चालत नाही, ती तिच्यासोबत फिरायला हवी. वीटभट्टीवरची बाई, रस्त्याच्या कामावरची बाई, मेंढरांमागे फिरणारी धनगराची बाई, पालावरची बाई, सगळ्यांना हेच लागू आहे. आणि संकट आलं की आपल्यालाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगली-कोल्हापूरकडची गावंच्या गावं शाळांमध्ये, मंगल कार्यालयांमध्ये येऊन राहिली. मदतीच्या ट्रकमधून बिस्किटं, पाणी, चादरी येतात. अंघोळीचा आडोसा कुणी पाठवत नाही. छावणीतली बाई चार-चार दिवस त्याच कपड्यात बसून राहते.

आमची न्हाणी

आता मुख्य गोष्ट. ही न्हाणी आम्ही कोपीवरच्या बायांसोबत बसून, मोडून, पुन्हा बांधून बनवली. शहरातल्या तयार तंबूची नक्कल करायची नाही हे पहिल्याच दिवशी ठरलं. कारण तो तंबू उभ्याने अंघोळ करणाऱ्यासाठी आहे. आपल्या बाया दगडावर बसून अंघोळ करतात. या एका गोष्टीने सगळी मांडणी सोपी झाली. पाण्याचा कॅन डोक्याच्या वर नेण्याची गरजच उरली नाही. छातीएवढ्या उंचीवर टांगला तरी बसलेल्या बाईच्या डोक्यावरून पाणी येतं.

आडोसा: सात फुटांचे चार बांबू. तीन फूट बाय तीन फुटांचा चौकोन आखून कोपऱ्यांत हातभर खोल रोवायचे, वरून सुतळीने आडव्या काठ्या बांधायच्या. जमीन कठीण असेल तर प्रत्येक बांबूला दोन बाजूंनी ताण द्यायचा. पडद्याला एक जुनं नऊवारी पुरतं. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. मधोमध फाडून साडेतेरा फुटांचे दोन तुकडे करायचे आणि एकाखाली एक शिवायचे. चौकोनाचा घेर बारा फूट, उरलेलं दीड फूट दाराशी एकावर एक येतं. पण नुसतं लुगडं पुरत नाही. ओलं झालं की आरपार दिसतं आणि रात्री आत दिवा लावला की बाईची सावली बाहेर पडद्यावर उमटते. हे एका तरुण सुनेने पहिल्याच संध्याकाळी बाहेर उभं राहून दाखवून दिलं. म्हणून बाहेरून खताच्या गोण्या उसवून, दोन-तीन पाण्यांत स्वच्छ धुऊन शिवायच्या. आठ-दहा गोण्या लागतात. वाऱ्याने पडदा उडतो यावर एका म्हाताऱ्या मावशींनी उपाय सांगितला. खालच्या काठाला नेफा शिवायचा आणि त्यात वाळू भरायची. तेव्हापासून पडदा जागचा हलला नाही. आत वरच्या बाजूला दोन दोऱ्या: एक कोरड्या कपड्यांसाठी आणि दुसरी पाळीच्या कापडासाठी. वर छप्पर नाही, त्यामुळे दुपारचं ऊन थेट त्या दोरीवर पडतं. जवळ उंच गाडी किंवा माळा असेल, तर न्हाणीची जागा तेवढी बघून ठरवायची.

पाणी: खाद्यतेलाचा पंधरा-वीस लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन घ्यायचा आणि सोड्याच्या गरम पाण्याने धुवायचा. तळाशी भोक पाडून पिंपाला असते तशी तोटी बसवायची, आतून-बाहेरून रबराचा वायसर लावून नट आवळायचा. तोटीला हातभर नळी, नळीला झारीचं तोंड. झारी नसेल तर प्लॅस्टिकच्या बाटलीचं बूड घेऊन तापलेल्या दाभणाने वीस-पंचवीस बारीक भोकं पाडायची. वरचं झाकण सैल ठेवायचं किंवा त्यालाही एक भोक पाडायचं. हवा आत गेली नाही तर पाणी गुडगुड करत थांबतं. तीन बांबूंची तिकाटी वेगळी उभी करून कॅन तिला टांगायचा. पडद्याच्या बांबूंना टांगू नये. वीस लिटर म्हणजे वीस किलो, त्या ओढीने सगळा आडोसा अंगावर येईल. आणि कॅन रिकामाच टांगायचा, मग नरसाळं लावून तांब्याने भरायचा. दिवसभर मोळ्या वाहिलेल्या बाईने, त्यातून ओल्या बाळंतिणीने किंवा जिचं अंग बाहेर येतं तिने, आणखी वीस किलो उचलू नये.

बारीक धारेने मिनिटाला दोन-तीन लिटर पाणी येतं. साबण लावताना तोटी बंद केली तर आठ-दहा लिटरमध्ये अंगभर अंघोळ होते, केस धुवायचे तर पंधरा. जिथे एक घागर आणायला अर्धा मैल चालावं लागतं, तिथे हा हिशोब महत्त्वाचा आहे.

ऊन पाणी: कॅनला बाहेरून काळा रंग द्यायचा. सकाळी भरून, झाकण घट्ट लावून, उन्हात आडवा ठेवायचा. उभ्यापेक्षा आडव्याला ऊन जास्त लागतं. पौष-माघातही दुपारपर्यंत पाणी कोमट होतं. वाफाळतं होणार नाही, ती आशा धरू नये. ऊन उतरायच्या आधी गोधडीत गुंडाळून ठेवलं तर रात्रीपर्यंत कोमट राहतं. कोपीवर मागे राहणाऱ्या म्हाताऱ्या बायांनी हे काम आनंदाने अंगावर घेतलं. जास्त ऊन हवं असेल तर चुलीवरचं आधण बादलीत विसावून मगच कॅनमध्ये ओतावं. कढत पाणी सरळ ओतलं तर कॅन वाकतो. हे पाणी रोजच्या रोज संपवायचं आणि प्यायला वापरायचं नाही.

पायाखाली: एक सपाट दगड बसायला, भोवती मुरूम किंवा खडी. पाणी जायला उताराच्या बाजूला हातभर खोल खड्डा, त्यात मोठे दगड, वर खडी, वर वाळू. हातपंपापासून आणि विहिरीपासून लांब. पाणी साचलं तर डास होतात आणि मग न्हाणीचं नाव खराब होतं.

एक धोक्याची सूचना मी मुद्दाम वेगळी लिहिते. बऱ्याच जणांनी आम्हाला पाठीवरचा फवारणीचा पंप वापरायचा सल्ला दिला. कल्पना हुशारीची आहे, हाताने दाब देता येतो, धार चांगली येते. पण एकदा औषध भरलेला पंप आणि तणनाशकाचा किंवा कीटकनाशकाचा डबा कितीही धुतला तरी अंघोळीसाठी वापरायचा नाही. विषाचा अंश प्लॅस्टिकमध्ये मुरतो आणि कातडीतून अंगात जातो. फडात कापलेल्या हातापायांतून तर लवकरच जातो.

सगळा खर्च सहाशे रुपयांच्या आसपास आला. बांबू आणि कॅन यांचाच मुख्य. पडदा बांबूंना गुंडाळला की सगळं मिळून एक वळकटी होते आणि बिऱ्हाडाबरोबर गाडीत जाते.

मतभेदांविषयी

हे सगळं आम्ही गटाच्या बैठकीत मांडलं तेव्हा वाद झाला. तो इथे मांडते, कारण तुमच्याही गटात तो होणार.

पहिला आक्षेप असा की, हे म्हणजे कारखानदाराची जबाबदारी बायांच्या गळ्यात घालणं झालं. साखरेचा नफा त्यांचा, आणि न्हाणी बायांनी फाटक्या लुगड्याची शिवायची? उद्या तेच म्हणतील, बाया आपली सोय आपण करतात, मग आम्ही कशाला? हा आक्षेप मला खरा वाटतो आणि त्याला मी टाळणार नाही. जुगाड करून दिवस काढायचे आणि त्यालाच स्वावलंबन म्हणून टाळ्या वाजवायच्या, हे आपल्याकडे फार झालं आहे. पण मी उलट विचारते. हक्काची न्हाणी मिळेपर्यंत या हंगामातली बाई काय करणार? तिची पाळी निकालासाठी थांबत नाही. दुसरं असं की, ज्या बाईने कधी मोकळेपणी अंघोळ केलीच नाही, ती त्याची मागणी कशी करणार? आमच्या अनुभवात न्हाणी उभी राहण्याआधी बायांच्या मागण्यांच्या यादीत दर वाढवा, उचल वाढवा, दवाखाना द्या एवढंच होतं. न्हाणी दोन आठवडे वापरल्यावर त्यांनी आपणहून विचारलं, “हे कारखान्यानं का नाही द्यावं?” मागणी अशी वापरातून तयार होते. भाषणातून ती इतकी पक्की होत नाही.

दुसरा आक्षेप वैचारिक होता. एक तरुण मैत्रीण म्हणाली, पडद्याविरुद्ध लढलो आणि आता आपणच पडदे शिवायचे? बाईच्या शरीराची लाज आपणच का जपायची? मला यात फरक दिसतो. पडदा बाईला दुसऱ्याच्या इच्छेने झाकतो. आडोसा ती स्वतः मागते, त्याच्या आत कडी तिच्या हातात असते, आणि बाहेर यायची वेळही ती ठरवते. एका बाईने सांगितलं की न्हाणीत तिने पहिल्यांदा आपल्या पाठीवरचे, मांड्यांवरचे पाचटाचे वळ नीट पाहिले. दुसरी म्हणाली, तिथे बसून रडता येतं. दहा बाय दहाच्या कोपीत सासू-सासरे, नवरा, पोरं. रडायलाही जागा नव्हती.

तिसरा प्रश्न कामाचा. न्हाणी आली म्हणजे पाणी जास्त लागणार, आणि ते आणणार कोण? पुन्हा बाईच? इथे आम्ही हट्ट धरला. बांबू रोवणं, खड्डा खणणं आणि न्हाणीच्या पाण्याच्या दोन घागरी रोज आणणं हे पुरुषांचं काम. टोळीत हिशोब ‘कोयत्या’चा असतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. दोघांच्या श्रमाची उचल नवऱ्याच्या हातात पडते, मग दोघांच्या घामाचं पाणी एकटीने का वाहायचं? सगळीकडे हे पटलं असं नाही. एका ठिकाणी पुरुष म्हणाले, आम्ही कॅनॉलवर जातो, आम्हाला न्हाणी नको, तुमची तुम्ही बघा. पंधरा दिवसांनी थंडी वाढली, तेव्हा कोमट पाण्यासाठी पहाटे तेच रांगेत पुढे होते. बायांनी बैठक घेतली आणि ठरवलं: संध्याकाळी सहानंतर न्हाणी फक्त बायांची, आणि ज्याने घागर आणली नाही त्याला पाणी नाही. मुकादम म्हणाला, ही कसली चैन काढली. त्याला उत्तर आमच्यातल्या कुणी दिलं नाही, टोळीतल्याच एकीने दिलं: “बैलाला रोज पाणी दावता नव्हं? मग?”

मागायचं कुणाकडे

कायद्यात हे नाही असं नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात पिण्याचं पाणी, संडास-मुताऱ्या आणि धुण्या-नाहण्याची सोय ठेकेदाराने करायची, आणि त्याने नाही केली तर मूळ मालकाने करायची, असं लिहिलेलं होतं. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात राहण्याच्या योग्य जागेची तरतूद होती. हे दोन्ही कायदे पुढे व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्याविषयीच्या २०२० च्या संहितेत सामावले गेले. त्या संहितेत तर स्त्री, पुरुष आणि तृतीयपंथी कामगारांसाठी वेगळ्या अंघोळीच्या जागांचा स्पष्ट उल्लेख आहे. अडचण शब्दांची नाही. कारखाना म्हणतो कामगार आमचे नाहीत, वाहतूकदाराचे. वाहतूकदार म्हणतो मुकादमाचे. मुकादम म्हणतो मी यांना उचल दिली, आणखी काय देऊ? या साखळीत बाईचं तर नावच नसतं, कारण करार नवऱ्याशी झालेला असतो.

म्हणून माझ्या मते मागण्या चार, आणि त्या मोजून तपासता येतील अशा. एक, दर पाच कोयत्यांमागे एक बंदिस्त न्हाणी, बांबू-ताडपत्रीची चालेल, पण कारखान्याने टोळी पोचायच्या दिवशी दिलेली. दोन, तळावर रोज पाण्याचा टँकर किंवा नळ, आणि न्हाणीपर्यंत उजेड. तीन, बाईच्या नावाने वेगळी नोंद आणि तिच्या हातात तिचं ओळखपत्र, म्हणजे ती स्वतः तक्रार करू शकेल. चार, न्हाणी, संडास आणि पाणी यांचा उल्लेख उचलीच्या करारातच. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झालेलं आहे. त्याने पहिल्यांदा हे तपासावं की कोणत्या तळावर बाई कुठे अंघोळ करते. हा प्रश्न विचारणाऱ्या अधिकाऱ्याला लाज वाटली तर वाटू द्या.

पाणी आणि हक्क यांचं नातं या राज्याला नवीन नाही. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्यावर ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह झाला. गोरेगावात मृणालताई गोरे ‘पाणीवाल्या बाई’ झाल्या. पिण्याच्या पाण्यासाठी आपण हंडा मोर्चे काढले, हंडे फोडले. अंघोळीच्या पाण्यासाठी मोर्चा निघाला नाही, कारण अंघोळ हा बोलायचा विषय नाही असं आपल्यालाही शिकवलेलं आहे. ते शिक्षण आता बाजूला ठेवायला हवं.

टोळ्या दसऱ्याच्या सुमारास निघतात. त्याआधीच्या दोन महिन्यांत, ज्यांच्या भागातून माणसं जातात त्या गटांनी गावातच एक-एक न्हाणी बांधून दाखवावी. बाजाराच्या दिवशी चौकात उभी करावी, बायांना आत जाऊन बघू द्यावं, पडदा कसा शिवायचा ते त्यांच्याकडून सुधारून घ्यावं. ज्यांच्या भागात कारखाने आहेत त्या गटांनी गाळप सुरू होण्याआधी कारखान्याच्या कार्यालयात चार मागण्यांचं पत्र द्यावं आणि पोच घ्यावी. हंगामाच्या मध्यात तळावर जाऊन बघावं, आणि जे दिसेल ते या अंकासाठी लिहून पाठवावं: किती कोयते, किती न्हाण्या, पाणी किती लांब, उजेड आहे का. माप आणि आकडे आपल्याकडे असले, तर पुढच्या करारात मुकादमाला ते खोडता येणार नाहीत.